शेवटचा रकाना

सोमवार, ३ मार्च

बाबा,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून लिहायला बसले. निदान पत्राला तुम्ही मध्येच "बास, कळलं" म्हणू शकत नाही.

तुमचा निरोप आईने सांगितला. कार्डांची पेटी नव्या पक्षाच्या कचेरीत पोचवायची, किल्लीसकट, दहा तारखेच्या आत. वर ती म्हणाली, "सदरे मागितले नाहीत, गोळ्या मागितल्या नाहीत. पेटी हवीय!" आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ पातेलं पुन्हा घासत बसली.

पेटी मी पाठवणार नाही.

घर सोडलंत त्या दिवशी जेवताना मी तुम्हाला "विकले गेलात" म्हणाले, ते मागे घेते. तुम्हाला कोणी विकत घेतलं नाही. जुन्या पक्षाने तुम्हाला फुकट घालवलं, हे खरं आहे. चाळीस वर्षं या प्रांतात त्यांचं राज्य आहे आणि त्यातली अठ्ठावीस तुम्ही त्यांच्या सभांना खुर्च्या मांडल्यात. तीन वेळा वॉर्डाची उमेदवारी कबूल केली. या वेळी ती आमदारसाहेबांच्या पुतण्याला गेली, आणि हे तुम्हाला साहेबांनी नाही, त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. पुतण्याला मी मुद्दाम विचारलं होतं, आपल्या वॉर्डाच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे. तो म्हणाला, "कसला व्हॉल्व्ह?"

तेव्हा तुम्ही जुना पक्ष का सोडलात हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण म्हणून या लोकांकडे जायचं?

काल बाजाराच्या मैदानात मी सगळ्यात मागे उभी होते. तुम्ही मंचावर तिसऱ्या खुर्चीत होतात. त्यांनी दिलेलं राखाडी जाकीट तुम्हाला खांद्यात सैल होतं. भाषण करणारा ओरडत होता, "वारसा म्हणाले, शिस्त म्हणाले, आणि चाळीस वर्षं दारं सताड उघडी ठेवली! आता आधी इथले!" लोक टाळ्या वाजवत होते. तुम्हीही वाजवल्यात, पण बाकीच्यांनी सुरुवात केल्यावर, इकडे तिकडे बघून.

तुमची ओळख त्यांनी "अनुभवी कार्यकर्ते" एवढ्यावर उरकली. मला करून द्यायला सांगितली असती तर मी सांगितलं असतं की हा माणूस अठ्ठावीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत वॉर्डातल्या प्रत्येक दारात गेला, आणि घरी येऊन चहा पिता पिता मुलीला सांगत राहिला, कोणाचे गुडघे गेले, मतदानाला कोणाला गाडी पाठवायची, कोण आपला, कोण त्यांचा, कोण डळमळीत. तुमचं अक्षर तुम्हालाच लागायचं नाही, म्हणून दहा वर्षांची असल्यापासून मी लिहीत आले. एका घराला एक कार्ड. बाराशे सहा कार्डं झाली.

शेवटचा रकाना मात्र तुमचा नाही, तो माझा उद्योग. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पाहणी कशी करतात ते शिकले आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. "बाबा, कधी आले आणि कुठून आले, हेही लिहू. नव्या माणसांना कागदपत्रं करायला मदत होईल." तुम्ही म्हणालात, "एवढं कशाला?" मी म्हणाले, "शास्त्रशुद्ध होईल." सुट्टीभर दारोदार बसून विचारत गेले. शिकलेली पोर विचारतेय म्हटल्यावर लोकांनी खुर्ची पुसून दिली आणि सगळं सांगितलं.

तुमच्या नव्या मंडळींना कोणाचे गुडघे नको आहेत. त्यांना तो एक रकाना हवाय. मतदार यादीवर पंधरा तारखेपर्यंत हरकती घेता येतात, आणि रंगाच्या कारखान्यामागच्या, बाहेरून आलेल्यांच्या खोल्यांवर त्यांचा डोळा आहे हे त्यांनी काल माईकवरच सांगितलं. ज्या माणसांनी माझ्यावर विश्वास टाकून उत्तरं दिली, त्यांचीच नावं माझ्या अक्षरावरून खोडली जाणार असतील, तर मी शिकून काय केलं?

सदरे पाठवतेय. रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या सदऱ्याच्या खिशात आहेत. सकाळची विसरू नका.


शुक्रवार, ७ मार्च

बाबा,

तुमची तीन ओळींची चिठ्ठी मिळाली. "पेटी माझी आहे. अक्षर तुझं असलं तरी माणसं माझी आहेत. शहाणपण शिकवू नये."

मधलं वाक्य चांगलं आहे. राग यायच्या आधी मला त्याचं कौतुक वाटलं, आणि मग त्याचाच जास्त राग आला.

माणसं तुमची आहेत ना? मग त्यातलं एक माणूस घेऊ. शिवणवाल्या मावशी, कारखान्यामागची, नळाशेजारची पहिली खोली. एकेचाळीस बिऱ्हाडांना मिळून एक नळ आणि एक मीटर. तो वाचायला तुम्ही जायचात तेव्हा मावशी मशीनवरचे कपडे बाजूला सारून तुम्हाला बसायला जागा करायच्या. पदवीच्या दिवशी घालायचा माझा पोशाख त्यांनी शिवला. बाही मनासारखी बसेना म्हणून तीनदा उसवली. मी म्हटलं, "राहू दे मावशी, वरून तो काळा झगाच घालायचाय." तर म्हणाल्या, "झगा काढल्यावर काय करशील?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसला होतात.

नऊ वर्षं झाली त्यांना इथे येऊन. मला माहीत आहे, कारण मीच विचारून लिहिलंय.

मी जुन्या पक्षाची बाजू घेतेय असं समजू नका. त्यांच्या कचेरीत दोन वर्षं लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहितेय. तुमच्या शब्दावर ही नोकरी मिळाली तेव्हा मी नवी वही घेतली होती आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं, "प्रत्येक अर्जाचा शेवटपर्यंत पाठपुरावा." हसू नका. त्या खोल्यांना दुसरा नळ हवा, हा अर्ज सहा वेळा आला. सहाही वेळा मीच कळवलं, "आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे." गेल्या महिन्यात सहज कपाट उघडलं तर सहाही अर्ज एका गठ्ठ्यात, वर चिटणिसांच्या अक्षरात एक चिठ्ठी: "नंतर". म्हणजे सहा वेळा मी खोटं कळवलं, आणि तेही शुद्ध भाषेत.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर बदल हवा. हो, हवा! पण ज्यांनी त्यांना दुसरा नळ दिला नाही त्यांना धडा शिकवायचा, म्हणून त्या खोल्यांचं मतही काढून घ्यायचं? यातून धडा नक्की कोण शिकणार?

पेटी आता कपाटावर नाही. कुठे आहे ते आईलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तिला विचारून उगाच त्रास देऊ नका.


बुधवार, १२ मार्च

बाबा,

आज तुम्ही खूश व्हाल. चिटणिसांनी बोलावलं होतं.

"ये गं पोरी, बस. बाबा काय म्हणतायत? मंचावर बसवतात म्हणे आता."

मी बसले.

"ती पेटी तुझ्याकडेच राहिली ना? शाबास. पक्षाची ठेव आहे ती."

"बाबांची आहे."

"तेच गं ते. आता एक काम कर. कारखान्यामागची तेवढी नावं काढून दे. कधी आले ते बघून. पंधराच्या आत हवीत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "आपल्याला कशाला?"

"हरकत आपण घेऊ. त्यांच्या आधी." मला कळलं नाही हे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अगं, ते गावभर ओरडतायत की आपण मऊ पडलो. आपणच आधी हरकत घेतली, तर त्यांना ओरडायला राहिलं काय?"

"पण ती माणसं खरंच तिथे राहतात. त्यातली निम्मी आपल्याला मत देतात, साहेब."

"देतात गं. भली माणसं आहेत." हे ते अगदी मनापासून म्हणाले, बाबा, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पण त्यांच्यामुळे मैदानापलीकडची गल्ली सगळी तिकडे सरकायला लागली. हे राजकारण आहे, पोरी. तुझी कॉलेजची पाहणी नाही."

मी नाही म्हणाले. ते चिडलेही नाहीत. "बाप तिकडे, मुलगी इकडे, आणि हट्ट दोघांचा एकच," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी टेबलावर जाऊन राजीनामा लिहिला. दीड पान झालं, त्यात तत्त्व हा शब्द चार वेळा आला. त्यांनी तो वरवर पाहिला, "बरं, बरं" म्हणाले आणि कपाट उघडून "नंतर"च्या गठ्ठ्यात सारला.

ज्यांच्या चाळीस वर्षांविरुद्ध तुमचा नवा पक्ष बोंब मारतोय ते दहा दिवसांत तुमच्यासारखेच व्हायला निघालेत. मग निवडायचं काय आम्ही? जाकिटाचा रंग?

आईला नोकरीचं सांगितलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरातून नुकतीच आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, "छान झालं. एका घरात दोन पुढारी, आणि चादरींना इस्त्री करायला मी." मग थोड्या वेळाने, "त्याला कळव. खूश होईल." म्हणून कळवतेय.

पण खूश होऊ नका. पेटी तुम्हालाही मिळणार नाही.


मंगळवार, १८ मार्च

बाबा,

हरकतींची यादी आज निवडणूक कचेरीच्या फलकावर लागली. एकेचाळीस हरकती. कारणाच्या जागी एकेचाळीस वेळा, "सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही." हरकत घेणाऱ्याच्या जागी एकेचाळीस वेळा तुमचं नाव, खाली तुमची वाकडी सही.

पहिल्यांदा वाटलं, पेटी कोणीतरी उघडली. धावत जाऊन बघून आले. कुलूप जसंच्या तसं.

मग परत येऊन यादीचा क्रम पाहिला. नळापासून डावीकडे, गटाराच्या कडेने, शिडीपाशी वळून समोरच्या रांगेने परत. तुमची फेरी. एकही दार चुकलेलं नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या खोलीच्या मध्ये माळ्यावर राहणारा रखवालदारसुद्धा आहे, ज्याचं कार्ड करायचं मी विसरले होते. माझ्याकडे त्या खोल्यांची चाळीसच कार्डं आहेत. तुम्ही एकेचाळीस सांगितलीत.

तुम्ही डोळे मिटून, एकेक दार घेत ती माणसं सांगितली असणार, जशी मला सांगायचात तशी, आणि समोर कोणीतरी लिहून घेतली असणार. त्याने विचारलं का हो, कोणाचे गुडघे दुखतात?

पेटीची तुम्हाला गरजच नव्हती. मग मागितलीत कशाला? सकाळपासून हाच विचार करतेय. मी नाही म्हणाले की "पोरीने अडवलं, माझा इलाज नाही" असं त्यांना सांगता येईल म्हणून? तसं असेल तर ते तुम्ही सांगितलं का नाहीत? मी तर अडवलं होतं!

"राहत नाही" असं तुम्ही लिहून दिलंत, बाबा. नको आहेत, असं लिहिलं असतंत तर निदान ते मत झालं असतं.

मी नियम वाचले. हरकत घेणाऱ्याला सुनावणीला स्वतः यावं लागतं. समोरच्या माणसाकडे बघून शपथेवर सांगावं लागतं.


शनिवार, २२ मार्च

बाबा,

दोन दिवस त्या खोल्यांमधून फिरले. सुनावणीत कार्डं पुरावा म्हणून दाखवली, तर ही माणसं किती वर्षांपासून इथे आहेत हे सिद्ध होतं. पण कुठून आली हेही चारचौघांत वाचलं जातं. म्हणून या वेळी आधी परवानगी मागितली. एकतीस घरं हो म्हणाली, नऊ नाही. रखवालदाराचं कार्डच नाही.

नाही म्हणणाऱ्यांतले एक आजोबा म्हणाले, "बाळ, मागच्या खेपेला तू आमच्या मदतीसाठीच विचारलंस. आताही मदतीसाठीच विचारतेयस. आम्ही नक्की काय करावं?"

मी त्यांचं कार्ड गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं. त्या दहा जणांचं काय होणार हे मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी अकरा, पहिला मजला. मी समोरच्या बाकावर असेन. मी माझं काहीच बोलणार नाही, फक्त तुम्ही सांगितलेलं वाचून दाखवीन. "जिना चढवत नाही, हात धरून आणणे." "मुलगा रात्रपाळीला, सकाळी लवकर जाऊ नये." ही तुमची वाक्यं आहेत. त्यानंतर तुम्ही म्हणा, यांना ओळखत नाही म्हणून.


शुक्रवार, २८ मार्च

बाबा,

काल काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी सांगते.

साडेदहापासून आम्ही वर होतो. खोलीत बाक कमी, माणसं जास्त. रजा मिळाली नाही म्हणून कोणी कामाच्या कपड्यांतच आले होते. मी एकतीस कार्डं मांडीवर लावून बसले होते, तुमच्या फेरीच्या क्रमाने. काय वाचायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरवलं होतं. आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. आई म्हणाली होती, "भाषण करायला चाललीस की बापाला फाशी द्यायला?"

माझ्या बाकामागे खिडकी होती. अकराला पाच कमी असताना सहज वळून खाली पाहिलं. सायकलस्टँडच्या कठड्यावर तुम्ही बसला होतात. एकटेच. जाकीट घातलं नव्हतं.

शिपायाने गॅलरीत जाऊन तुमच्या नावाने पुकारा केला. तुम्ही पायांकडे बघत होतात. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा तुम्ही मान वर केलीत. शिपायाकडे नाही, फाटकाकडे पाहिलंत, पण मान वर केलीत. म्हणजे ऐकू गेलं होतं. खरं सांगते, तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत तुम्ही यावं की येऊ नये, मला ठरवता येत नव्हतं.

शिपाई आत येऊन म्हणाला, "कोणी वर येत नाही, साहेब." अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून खोलीकडे पाहिलं. "हरकतदार आवारात आहेत का? कोणी पाहिलंय?"

मी म्हणाले, "नाही."

कोणी माझं नाव घेऊन विचारलेलं नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी उठून, स्पष्ट आवाजात म्हणाले. लोकांना खोटं लेखी कळवायला लावणारी नोकरी मी दोन आठवड्यांपूर्वी सोडली, आणि काल सरकारी अधिकाऱ्यासमोर उभी राहून तेच केलं. माझ्या खोट्याने एकेचाळीस नावं राहिली की तुमच्या न येण्याने, हेही मला कधी कळणार नाही.

"हरकतदार गैरहजर. हरकती फेटाळल्या." एवढंच. दोन मिनिटं लागली. नऊ घरं, रखवालदार, सगळे सुटले. लोक एकमेकांना विचारत होते, "झालं? एवढंच?" तुमच्या पक्षाचा एक जाकीटवाला पोरगेला संघटक गॅलरीत फोनवर कोणावर तरी खेकसत होता. संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या भिंतीवर जुन्या पक्षाचा फलकही लागला, "आमच्या पाठपुराव्याला यश", वर पुतण्याचा फोटो. ज्यांनी स्वतःच हरकत घ्यायची तयारी केली होती, त्यांचा हा फलक. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

माझ्या मांडीवर एकतीस कार्डं तशीच राहिली. सगळे आनंदात जिना उतरत होते आणि मी धुमसत होते. मला तुमच्यासमोर उभं राहून तुम्हाला हरवायचं होतं, बाबा. तुम्ही मला तेही करू दिलं नाहीत. आणि तुम्ही बरोबर वागलात असंही मला म्हणता येत नाही, कारण तुम्ही वर येऊन "मी चुकीचं लिहून दिलं" असं म्हणाला नाहीत. नुसते कठड्यावर बसून राहिलात.

मग मी जिन्याच्या वळणापर्यंत आले आणि थांबले. शिवणवाल्या मावशी माझ्यापुढे उतरल्या होत्या. त्यांनी तुम्हाला पाहिलं आणि थेट तुमच्याकडे गेल्या. एवढं मला ऐकू आलं, कारण त्या मोठ्याने बोलतात. "अगंबाई, मीटरवाले! किती महिने झाले, फिरकला नाहीत! तब्येत बरी आहे ना?"

तुम्ही काय म्हणालात ते ऐकू आलं नाही.

मग त्यांनी हातातला निकालाचा कागद तुमच्यापुढे धरला. "बरे भेटलात. वर त्या गडबडीत काही कळलं नाही. जरा वाचून दाखवा, काय लिहिलंय."

तुम्ही कागद घेतलात. लांब धरलात, जवळ आणलात. बोट ठेवून वाचायला लागलात, एकेक अक्षर लावत, जसं वाचता तसं. त्या मान डोलवत उभ्या होत्या. त्या कागदावर दुसऱ्या ओळीत हरकत घेणाऱ्याचं नाव असतं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. सुनावणीची नोटीस मावशींना मीच वाचून दाखवली होती. तेव्हा ते नाव मी गाळलं. त्यांना तुमचं नाव माहीतच नाही. तिथे कोणालाच नाही, तुम्ही सगळ्यांचे मीटरवाले. मी वाचलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं. तरीही गाळलं. परवानगी मागायला गेले, खरेपणाच्या गप्पा मारल्या, आणि माझ्या बापाने हे केलंय एवढं मात्र सांगितलं नाही.

तुमचं बोट दुसऱ्या ओळीवर बराच वेळ थांबलं होतं. मी जिन्यावरून बघत होते, आवाज येत नव्हता. मग ते पुढे सरकलं, मावशी हसल्या, त्यांनी कागदाची घडी केली आणि तुमच्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणाल्या. तुम्ही फाटकातून बाहेर पडलात, नव्या कचेरीच्या बाजूला नाही आणि घराच्या बाजूलाही नाही.

पक्षाबद्दल, पेटीबद्दल, घरी कधी येणार याबद्दल या पत्रात मी काही विचारत नाही. मावशींनाही विचारणार नाही. एकच तुम्ही मला सांगा, तीन ओळी नकोत, एक शब्द पुरे.

तुम्ही तुमचं नाव वाचलंत का?